धुक्याचे चित्र, धुराचे वास्तव

लंडनला गेलात, तर वेस्टमिन्स्टर पूल ओलांडून पूर्व काठावरील सेंट थॉमस रुग्णालयापाशी क्षणभर थांबा. समोर थेम्स, पलीकडे संसदभवन. याच रुग्णालयातून फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १९०० साली संसदेची चित्रे आरंभली. त्यांत दगडी मनोरे जांभळ्या-सोनेरी हवेत विरघळताना दिसतात. चित्राचा खरा विषय इमारत नव्हेच. तिच्या भोवतीची हवा हाच.

परंतु ते निव्वळ धुके नव्हे. घराघरांतील आणि कारखान्यांतील कोळशाचा धूर त्यात मिसळलेला असे. धुराचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, म्हणून कडा पुसट होतात. चित्रात मोहक भासणारे हेच कण श्वासनलिकांना सूज आणतात. डिसेंबर १९५२ मध्ये अशाच दाट धुरक्याने तेथे हजारो बळी घेतले. त्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला.

योगायोग पाहा: १८७१ साली खुले झालेले हे रुग्णालय फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या विचारांनुसार, भरपूर हवा खेळावी म्हणून समोरासमोर खिडक्यांच्या स्वतंत्र इमारतींत बांधले होते. पण खिडकीतून आत येणार ती बाहेरचीच हवा!

म्हणून हिवाळ्यातील सकाळी आपल्या गावी दूरची इमारत पुसट दिसली, तर दृश्याचे कौतुक जरूर करा. मात्र घरातील वृद्धांचा व दमेकऱ्यांचा फेरफटका हवा निवळेपर्यंत पुढे ढकला, आणि अंगणातील पालापाचोळा पेटवू नका.