आंबीचे पाणी आणि पुण्याच्या पेठा

भोरहून पुण्याला जायचे तर सरळ हमरस्ता आहे. पण गेल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम नसरापूर, विंझर, पाबे घाट अशी वाट धरली. बरोबर वेल्हे भागातले ऐंशी ओलांडलेले एक आबा होते. त्यांचा नातू खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये जवान आहे. त्याला भेटायचे होते आणि जाताना आबांना पानशेतचे पाणीही पाहायचे होते.

घाटातून एकीकडे राजगड-तोरणा, दुसरीकडे सिंहगड दिसतो. खाली उतरून वाट थोडी वाकडी केली आणि धरणाच्या काठी थांबलो. आबांनी पाण्याकडे बोट केले. "साहेब, आमचं खाचर तिथं होतं. आंबेमोहोर लावायचो." आंबी नदी अडवली तेव्हा त्यांची भातजमीन गेली.

बांधाचे काम पुरते झाले नसताना १९६१ च्या पावसाळ्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या खालच्या नळाच्या बांधकामात लोखंडी सळईचा आधार नव्हता. तो खचला, वरचा मातीचा भराव बसू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. तरीही १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. दुपारपर्यंत खाली खडकवासल्याचे जुने धरणही गेले आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले.

पुण्याचे जुने मूळ म्हणजे कसबा. पुढे वारांच्या नावांच्या पेठा वसल्या. नारायणरावांच्या नावाने नारायण पेठ, सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ झाली. कसबा, शनिवार, नारायण या पेठांचे नदीकाठचे वाडे त्या दिवशी बसले. घरे गेलेल्या माणसांसाठी मग लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आज पुणे पसरलेले दिसते, त्यातला बराच भाग त्या पुराने वसवला आहे.

लोकमान्यनगरवरून जाताना मी हे सांगितले. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यांना घरं मिळाली, लई बरं झालं. पण शहरातल्या माणसाला पूर तेवढा आठवतो. त्याच्या आधी त्या पाण्याखाली आमची गावं गेली, ते कोण सांगत न्हाई." यावर मला उत्तर सुचले नाही. आपण ज्या धरणाचे पाणी पितो, त्याखाली कोणाचे शिवार आहे, हे शहरातल्या किती मुलांना ठाऊक असेल?

खडकीला नातू भेटला. गप्पा लष्करी गाड्यांवर गेल्या. पाण्यात पोहणाऱ्या चिलखती गाड्या आपल्या सैन्याकडे आहेत. त्यातली 'बीएमपी-२' सुमारे १४ टन वजनाची. एवढे लोखंड तरंगते कसे? रिकामे घमेले पाण्यावर तरंगते तसेच. गाडीची पेटी पाणबंद असते, ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि फिरते पट्टे वल्ह्यांसारखे पाणी मागे लोटतात. याच गाडीवर आधारलेली टेहळणीची एक गाडी डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यातच लष्करात दाखल झाली. नदी ओलांडण्यापूर्वी पाणी किती खोल, ओढ किती, काठ किती चढाचा, काठची माती रणगाड्याचा भार सोसेल की नाही, हे ती तपासते.

आबा हसले. "म्हंजे चिखलात पाय घालायच्या आधी काठी टेकवून बघतो, तसंच की रं!"

मंडळी, मला मातीपरीक्षणात उभा जन्म गेला, पण इतके सोपे सांगता आले नाही. मातीवर भार टाकण्यापूर्वी तिची ताकद पाहावी, एवढेच त्यात आहे.

पावसाळ्यापूर्वी आपल्या शेततळ्याचा भराव कुठे खचला आहे का, सांडवा मोकळा आहे का, पाणी झिरपते का, हे एकदा फिरून पाहा. त्याला यंत्र लागत नाही. काठी पुरते.