दोन्ही हातांनी

जून-जुलैत मुलांजेच्या डोंगरावरून जे उतरतं त्याला पाऊस म्हणवत नाही, आणि नुसतं धुकंही म्हणवत नाही. मलावीच्या दक्षिणेकडची माणसं त्याला चिपेरोनी म्हणतात; सीमेपलीकडे मोझांबिकात त्या नावाचा डोंगर आहे, तिकडून ते येतं. चहाच्या मळ्यांवर, निलगिरीच्या शेंड्यांवर, बायका कमरेला गुंडाळतात त्या, दोरीवर वाळत घातलेल्या रंगीत चितेंजांवर, शाळेच्या दारात उभ्या असलेल्या लेकरांच्या पापण्यांवर ते कणाकणानं बसत राहतं, तीन हजार मीटर उंचीचं सापित्वा शिखर दिवसचे दिवस नाहीसं होतं, आवाज मऊ होतात, कोंबड्याची बांगसुद्धा ओली होऊन कानावर येते. मी नगरकडची. आमच्याकडे आभाळात एखादा ढग आला तरी माणसं अंगणात येऊन, मान वर करून उभी राहतात. न मागता अंगावर येऊन बसणाऱ्या या पाण्याशी जमवून घ्यायला मला वेळ लागला.

मग जमलं.

एका लहानशा मिशनच्या बालवाडीत मी काम करत होते. दिवस उजाडायचा तो फालाच्या पातेल्यापाशी. मक्याचं आणि सोयाबीनचं पीठ, थोडी साखर. लिकुनी फाला नावाची ही पेज तिथल्या कितीतरी बालवाड्यांतून शिजते. तीन दगडांच्या चुलीवर ती रटरटू लागली की ओल्या लाकडाचा धूर आणि शिजत्या मक्याचा गोडूस वास एकमेकांत मिसळायचे, आणि मुलांची रांग हळूहळू पुढं सरकायची. आधी हातांवर पाणी. मग पेला. मूल तो पेला दोन्ही हातांनी घेई, गुडघ्यात किंचित वाकून, आणि ‘झिकोमो’, म्हणजे आभार, म्हणे; इतक्या हळू, की ते मला म्हटलं की पेजेला, की आणखी कुणाला, ते कळू नये. तीन वर्षांचं पोरसुद्धा एका हातानं घेत नसे. घरी आजीकडून आलेली ही रीत. ते रोज पाहता पाहता, पेला पुढं करताना माझाही दुसरा हात पातेल्यावरचा सुटून आपोआप पेल्याला लागू लागला. रांग सावकाश सरकू लागली. पेज थोडी निवू लागली.

कुणाचंच काही बिघडलं नाही.

दुपारी पाय. मातेकेन्या म्हणतात त्या बारीक पिसवा कोरड्या धुळीत असतात, अनवाणी पायांत नखांच्या कडेशी शिरतात आणि तिथंच फुगतात. कोमट पाण्याचं घमेलं, साबण, निर्जंतुक केलेली पिन आणि भरपूर धीर, एवढीच सामग्री. मांडीवर घेतलेलं ते इवलंसं पाऊल, टाचेला पडलेल्या भेगा, दगडमातीनं घट्ट केलेली तळव्याची कातडी आणि बोटांच्या बेचक्यात अजूनही तान्ह्या बाळासारखी उरलेली मऊ, फिकट जागा. पिन टोचली की सगळा पाय एकदम शहारायचा, मूल माझ्या खांद्यात नाक खुपसायचं, आणि दोघांचाही श्वास काही क्षण थांबायचा. निघालं की सुटायचा. मग दुसरं बोट.

तमिळनाडूतल्या दोहनावूरच्या एमी कारमायकल मला या पायांपाशी समजल्या. आयर्लंडहून निघालेल्या या बाई 1895 साली भारतात आल्या त्या गावोगाव सुवार्ता सांगायला. पण देवळांना वाहिल्या जाणाऱ्या मुली त्यांच्या आसऱ्याला येऊ लागल्या, आणि हिंडणारे पाय घरात थांबले. लेकरांची नखं कापत, न्हाऊ-माखू घालत आयुष्य काढावं का, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. उत्तरादाखल त्यांना दिसला तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा प्रभू. त्या मायदेशी परत गेल्या नाहीत. 1951 मध्ये तमिळ मातीतच त्यांना ठेवलं, आणि त्या जागी मुलांनी दगडाऐवजी पाखरांना पाणी प्यायचं भांडं ठेवलं.

संध्याकाळ मात्र कठीण असे. विषुववृत्ताच्या त्या बाजूला अंधार फार लवकर खाली येतो. वीज गेलेली, रातकिडे, दुरून कुठूनसं ढोल आणि स्तोत्र. माझ्यापाशी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक होतं, त्यातली नारायण वामन टिळकांची गीतं मी पुटपुटत बसे, आणि मन पंख फुटल्यासारखं समुद्र ओलांडून नगरला जाई. मी काय केलं आज? कुणाला काही उरेल का यातलं?

अशा वेळी मला फरारबाई आठवत. सिंथिया फरार. 1827 साली अमेरिकेतून जहाजानं मुंबईला उतरलेली एकटी, अविवाहित शिक्षिका; पुढं ती नगरला आली, मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि 1862 मध्ये आमच्या नगरातच वारली. तिनंही भर उन्हाळ्यातल्या दुपारी, पाटीवरची अक्षरं पुसून पुन्हा काढायला लावताना, कुण्या चिमुरडीचं घामेजलेलं बोट धरलं असेल. आईबापांनी शाळेतून काढून नेलेली एखादी मुलगी तिच्या डोळ्यांपुढून हलली नसेल. पुण्याहून आलेले जोतीराव फुले तिची शाळा पाहून गेले, आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा उघडली. त्या दुपारी हे तिला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तिच्यापुढं फक्त एक बोट होतं आणि एक अक्षर.

तेवढ्यावर तिची दुपार भरली असेल, असं मला वाटू लागलं. माझीही भरू लागली.

मळणीनंतर एका मुलाची आगोगो, म्हणजे आजी, चितेंजाच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा बांधून आली. तिच्या घरची शेतं केवढी, ते मला माहीत होतं. नको म्हणायला मी तोंड उघडलं, आणि त्याआधीच माझे दोन्ही हात पुढं झाले, गुडघा आपसूक वाकला. शेंगांना अजून माती होती. ती हसली. त्या दिवसानंतर मी द्यायला आलेली उरले नाही.

बालवाडी पाहायला पाहुणे येत, दोन दिवस राहत, मुलांसोबत गात आणि निघताना गहिवरून म्हणत, ‘यांच्याकडे काही नाही, तरी किती समाधानी!’ हे वाक्य मला सोसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तिथं शेतात मका हिरवा उभा असतो आणि घरातली कणगी रिकामी असते. त्या महिन्यांत गाणं म्हणता म्हणता मुलं भिंतीला टेकून झोपी जातात. 2023 च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं, ब्लँटायरच्या उतारावरची घरं चिखलाखाली गेली, मुलांजेच्या पायथ्याचीही गेली, कापणीला आलेली शेतं गेली. त्यानंतर मुलं हसली ती मुलं होती म्हणून. भूक सोसण्याला समाधान म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पौलानं फिलिप्पैकरांस पत्र लिहिलं ते बंदिवासातून. आहे त्या स्थितीत तृप्त राहायला आपण शिकलो, हे तो त्यातच सांगतो, आणि ते वचन आपण भिंतीवर टांगतो. पण ते येतं आभाराच्या मजकुरात. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती त्याच्या गरजेसाठी काही पाठवलं होतं. ते पोचलं, बरं केलंत, असं तो कळवतो आहे. तृप्त माणसालाही कुणी काही पाठवावं लागतं, आणि पाठवणारे होते. समाधान मी माझ्यापुरतं शिकावं, माझ्या एकट्या संध्याकाळींसाठी, माझ्या अपुऱ्या हातांसाठी. रिकाम्या पेल्यापुढं त्याचा उच्चारही करू नये.

तुमच्या मंडळीतलं, तुमच्या घरातलं कुणी दूरदेशी लेकरांत काम करत असेल, तर त्याला पत्र लिहा. तिथली मुलं किती आनंदी आहेत ते विचारू नका. आज त्यांनी काय खाल्लं ते विचारा, आणि जानेवारी यायच्या आधी थोडं पीठ पोचेल असं बघा.