न पाहिलेला चक्रवाक

शिक्षकाच्या धंद्यात खोटे बोलण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. पण आले म्हणजे ते भर वर्गात येतात. गेल्या डिसेंबरात जुन्या काव्यातले पक्षी मी मोठ्या रंगात येऊन शिकवीत होतो. चांदण्यावर जगणारा चकोर झाला, पावसाची वाट पाहणारा चातक झाला आणि रात्र पडताच सहचरीपासून ताटातूट होणारा चक्रवाक आला. इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुम्ही पाहिलाय चक्रवाक?"

"पाहिला आहे तर!" मी म्हणालो.

वीस वर्षे मी हा पक्षी शिकवितो आहे. पाहिला मात्र एकदाही नव्हता. घरी हे सांगताच आठवीतली कन्या म्हणाली, "मग आता पाहून या, बाबा. खोट्याचे खरे होईल!"

म्हणून एका रविवारी पहाटे आम्ही तिघे सातपूरहून निघालो. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता. निफाड तालुक्यातील नांदूरमधमेश्वर अभयारण्याच्या चापडगाव येथील केंद्रावर पोहोचलो, तेव्हा धुके नुकतेच विरत होते. तेथे पाखरांची चित्रे आणि माहितीचे फलक पाहिले. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत शेतीसाठी बंधारा घातला. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणी पसरले, पाणवनस्पती माजल्या. बंधाऱ्याला जो उपद्रव, तेच पाखरांना वाढलेले ताट! 1986 साली हे अभयारण्य झाले आणि 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पाणथळ जागा राखण्याचा करार 1971 साली इराणमधल्या रामसर गावी झाला, त्यावरून हे नाव.

खांद्यावर दुर्बीण घेतलेला गावातलाच एक तरुण आमचा वाटाड्या झाला. पाण्याकाठच्या पायवाटेवरून जाताना त्याने काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले पक्षी दाखविले. "हे वारकरी!" नाव ऐकून सौभाग्यवतींचे हात नकळत जुळले.

मग मनोऱ्यावरून त्याने दुर्बीण रोखली. "बघा सर, तुमचा चक्रवाक."

केशरी अंगाची, फिकट डोक्याची जोडी चिखलात शेजारी शेजारी उभी होती. मी विचारले, "रात्री हे वेगळे होतात ना?"

"छे हो! जोडी सोडत नाहीत. रात्रीसुद्धा चरतात, एकमेकांना हाका मारतात. त्या ऐकूनच कुणाला वाटले असेल, ताटातूट झाली म्हणून."

वीस वर्षांची माझी टिपणे त्या चिखलात बुडाली.

"कुठले आपण?" त्याने विचारले.

"सातपूरचे."

"म्हणजे पाणी तुमच्याकडूनच येते की आमच्याकडे!"

तो सहज बोलला. पण माझी नजर काठच्या जलपर्णीवर गेली. सांडपाण्यावर पोसते ती. सातपूरच्या कारखान्यांमधून वाहणारी नासर्डी पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी इथे येते. तिच्या पुलावरून जाताना मी नेहमी नाकाला रुमाल लावतो. हे पाणी पुढे जाते कुठे, असे कधी मनात आले नव्हते. इतकेच नव्हे, तर आधीच्या दसऱ्याचे निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्याच पुलावरून मी 'गंगार्पण' केले होते. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. त्यांनाही ती पिशवी आठवली असावी. परतीच्या वाटेवर पुऱ्या कोणी फारशा खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी खोटे बोललो. चक्रवाक मी काल पाहिला. तो रात्री वेगळा होत नाही. पण कवींनी तसे मानले, हे परीक्षेत लिहा." मुले हसली. मागच्या बाकावरचा तो मात्र हसला नाही. त्याने वहीत काहीतरी टिपून घेतले.

यंदाच्या दसऱ्याचे निर्माल्य घरच्या कुंडीत मुरते आहे. पिशवीची गोष्ट मात्र वर्गात सांगण्याचे धैर्य झाले नाही. ती आज येथे सांगितली.