पाजळणे

मराठी शिकवण्यात सारं आयुष्य गेलं, त्यामुळे एखादा शब्द दिसला की तो उलटून-पालटून बघायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. गेले काही दिवस 'पाजळणे' हा शब्द डोक्यात घोळतोय. दिवा किंवा मशाल पेटवणं म्हणजे पाजळणं, आणि हत्याराला धार लावणं म्हणजेही पाजळणंच. (तिसरी ती 'अक्कल पाजळणे', पण ती आम्हा मास्तर लोकांसाठी राखीव!)

आमच्या धाराशिव जिल्ह्यात (२०२३ साली नाव बदललं, तरी माझ्या तोंडी अजून उस्मानाबादच येतं) हे दोन्ही अर्थ नवरात्रात एकत्र नांदतात. घटस्थापनेला गावोगावची पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन अनवाणी धावत आपापल्या गावी येतात. आणि खंडेनवमीला घरातले कोयते, कुऱ्हाडी, विळे, खुरपी घासून-पुसून पूजेला मांडतात. ऊसतोडीला जाणारी आमच्याकडची माणसं तर त्यानंतर लगेच कोयत्यांच्या धारा बघू लागतात. एक पाजळणं देवीचं, एक पोटाचं.

आमच्या लहानपणी धार लावायची म्हणजे निसणा, पाणी आणि वेळ. पाण्याचा हात फिरवत सावकाश घासायचं. त्यात ठिणगीचा प्रश्नच नव्हता. ठिणग्या दिसायच्या त्या शिकलगार आला की. तो पायानं चाक फिरवायचा आणि कोयता टेकवला की केशरी फवारा उडायचा. आम्ही पोरं तोंडाचा आ करून बघत बसायचो. पण आमचे आजोबा त्याला कडब्याच्या गंजीजवळ कधीच बसू देत नसत. वारा कुठून वाहतोय ते बघायचे आणि त्याला पार लांब, उघड्या मातीवर बसवायचे. सात-आठ महिन्यांचा जनावरांचा चारा त्या गंजीत असे.

आता काळ बदलला. सुताराच्या हातात विजेचा सँडर आला. लाकूड गुळगुळीत करायचं हे यंत्र. खाली घासकागदाचा पट्टा गरगर फिरतो आणि उडणारा भुसा मागच्या पिशवीत ओढला जातो. एखादा हुशार कारागीर विचार करतो, पट्टा लाकूड घासतो तर पोलाद का नाही घासणार? सँडर उलटा धरला, पटाशी टेकवली, दोन मिनिटांत धार तयार!

आमच्या गल्लीतल्या एका तरुण सुतारानं गेल्या वर्षी हेच केलं. दिवसभर सागवानाचं काम केलेलं, पिशवी अर्धी भरलेली. संध्याकाळी जाता जाता त्यानं दोन पटाश्या आणि रंध्याचं पातं त्यावर पाजळून घेतलं, दुकान बंद केलं आणि जेवायला गेला. दुकानामागच्या खोलीत त्याची आई झोपते. रात्री अकराच्या पुढं तिला करपल्यासारखा वास आला. दम्यामुळे तिला झोप नव्हती, म्हणून वास आला तरी. म्हातारीचा दमा त्या रात्री कामी आला म्हणायचा. तिनं हाका मारल्या, पोरगा धावला. पिशवी आतून निखाऱ्यासारखी लाल झाली होती आणि शेजारच्या प्लायवूडची कड काळी पडली होती. पाणी जवळ होतं म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "गुरुजी, मशीन तर बंद होती हो. पिनसुद्धा काढून ठेवली होती मी. मग पेटलं कसं?"

त्याचा प्रश्न खरा होता. पोलाद घासताना उडणारी ठिणगी म्हणजे लोखंडाचा बारीक कण. घर्षणानं तो तापतो, आणि इतका बारीक असल्यामुळे हवेतला ऑक्सिजन मिळताच स्वतःच जळू लागतो. उघड्या मातीवर पडला तर क्षणात विझतो. पण इथं यंत्रच त्याला ओढून भुशाच्या पिशवीत नेऊन ठेवतं. शिकलगाराची ठिणगी गंजीपासून लांब पडत होती, सँडरची ठिणगी थेट गंजीतच जाते! भुसा लगेच भडकत नाही. तो शेणीसारखा आतल्या आत धुमसतो, कधी कधी कितीतरी तास. वीज बंद केल्यानं त्याला काही फरक पडत नाही. दुकान बंद होतं, माणसं झोपतात, आणि मग तो डोकं वर काढतो.

याहून वाईट म्हणजे अशी धुमसणारी पिशवी झटकणं. बारीक भुसा हवेत पसरला आणि त्याला ठिणगी मिळाली तर भडका उडतो. पिठाच्या, साखरेच्या धुळीचंही तसंच आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका साखर कारखान्यात २००८ साली साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ माणसं गेली. आपल्या ऊसवाल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण चहात विरघळणारी साखर बारीक धूळ झाली की दारूगोळ्यासारखी वागते.

अॅल्युमिनियमचं तर आणखी अवघड. एकाच पिशवीत खिडकीच्या चौकटीचा अॅल्युमिनियमचा कीस आणि लोखंडाचा गंज एकत्र आले, तर त्यांची आग फार प्रचंड उष्णतेची असते. तिच्यावर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. आणि आपल्याकडचं जवसाचं तेल! लाकडाला ते लावून झाल्यावर चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या ठिणगीशिवायही आपोआप तापून पेटू शकतात. त्या पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमचे पुण्याचे पुतणे. फ्लॅटच्या बाल्कनीत सुतारकामाचा छंद सुरू केलाय आणि परवा फोनवर कौतुकानं सांगत होते, "काका, सुऱ्यासुद्धा सँडरवरच लावतो मी." बाळा, दारातल्या दारात सांगितलं तर तू हसण्यावारी नेशील, म्हणून चारचौघांत लिहितोय. लाकडाचा सँडर लाकडालाच वापर. पोलाद घासायचंच झालं तर आधी पिशवी काढून ठेव, यंत्रातला भुसा पूर्ण साफ कर, उघड्यावर बस, डोळ्यांना चष्मा लाव, आणि काम झाल्यावर तासभर तरी तिथून हलू नकोस. रोजचा भुसा रोज घराबाहेर, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पिशवीतून धूर दिसला तर झटकू नकोस. आत नुसतं लाकूड असेल तर हलक्या हातानं पाणी ओतून भिजव.

आणि एक गोष्ट आमच्या गावच्या लोहाराची. तो तापलेलं पातं पाण्यात बुडवताना म्हणायचा, "पाणी पाजतोय." कोरड्या पट्ट्यावर घासताना पात्याची कड निळी पडली की समजायचं, ते पाणी उतरलं. धार दिसते खरी, पण टिकत नाही. म्हणजे घाई करून घर धोक्यात घालायचं आणि हातात काय, तर मऊ पडलेलं पातं.

निसणा फार महाग नसतो रे. पुढच्या खेपेला गावी आलास की आपल्या घरातला जुना घेऊन जा. आजोबांच्या हातानं मधोमध झिजलाय, पण अजून चांगला चालतो.