घर कुणाच्या नावावर?

‘घर पाहावं बांधून’ असं आपले वाडवडील म्हणत. पण गोव्यात घर विकत घ्यायचं तर आधी विचारून पाहावं लागतं, आणि तेही घरच्या बाईला!

सौ.ची बदली पणजीला झाली आणि चोर्ला घाटातून आमच्या खेपा सुरू झाल्या. १८४३ पासून राजधानी असलेलं हे शहर राहायला सुखाचं. कचेरी, बाजार, मांडवीचा काठ, सारं पायी उरकतं. २०११ च्या जनगणनेत खुद्द पणजीत माणसं होती जेमतेम ४० हजार. जागा मात्र महाग. विधानसभासुद्धा २००० साली नदी ओलांडून पर्वरीला गेली, तिथे नोकरदारांची काय कथा? त्यात दिल्ली-मुंबईचे लोक सुट्टीपुरती घरं घेऊन ठेवतात.

भाड्याच्या घराला कंटाळून आम्ही शोध सुरू केला. रायबंदरला एक जुनं कौलारू घर आवडलं. मालक सत्तरीचे. विहीर, फणस, माजघर, सगळं त्यांनी हौसेनं दाखवलं. भावही ठरला. तेवढ्यात आमच्या वकिलांनी विचारलं, “काकूंची संमती आहे ना?”

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. एकट्याच्या सहीनं घर विकता येत नाही. काकू दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “म्हजी सय मेळची ना.” काका गप्प बसले. व्यवहार तिथेच संपला.

परतताना सौ.नं धारवाडी कन्नडमध्ये विचारलं, “नम्म बेळगाव मनि यार हेसरिगे?” आपलं बेळगावचं घर कुणाच्या नावावर?

ते होतं वडिलांच्या नावावर. त्यांनी स्वकमाईनं बांधलेलं. मृत्युपत्र न करता ते गेले, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि वारसा नोंद करायची राहिली होती. भाऊबंदांचा सल्ला तयार होता: बहिणींकडून हक्कसोड पत्र घ्या, एकेक साडी द्या, आई काय, तुमच्याजवळच आहे. खरं तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं अशा घरात पत्नी, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखाच. पण आपल्याकडे तो कागदावर राहतो आणि सही मायेपोटी मागितली जाते. ज्या आईनं त्या भिंतींना पाणी मारलं, तिचं नाव उताऱ्यावर कधीच नव्हतं.

पुढे पर्वरीला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, दोघांच्या नावानं. बेळगावच्या उताऱ्यावर आता आई, दोघी बहिणी आणि मी अशी चार नावं आहेत. आईनं तो कागद दोनदा वाचून घेतला आणि देव्हाऱ्यामागच्या डब्यात ठेवला.

“उद्या विकायचं झालं तर चार सह्या लागतील,” असं चुलतभाऊ बजावतात. लागतील की! चौघांना विचारल्याशिवाय ते घर विकलं जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.