घर बघताना खिडकीआधी शब्द वाचा
अ‍ॅमस्टरडॅमला लागूनच असलेल्या अ‍ॅमस्टेलवेनमध्ये बरीच भारतीय कुटुंबं राहतात. विटांची एकसारखी घरं, दारात सायकली, रस्त्याकडे भलीमोठी काचेची खिडकी आणि कमालीची शांतता. घर लगेच आवडतं! पण भाड्याने घेण्याआधी जाहिरातीतले शब्द वाचा.

‘काल’ म्हणजे अगदी ओकंबोकं घर. पडदे नाहीत, बहुतेकदा जमिनीवर लॅमिनेटही नाही. आधीचा भाडेकरू ते उचलून नेतो. ‘खेस्टोफेर्ट’ असेल तर जमिनीवरचं आच्छादन आणि पडदे मिळतात. ‘खेमूबिलेर्ट’ म्हणजे फर्निचरसकट.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पत्त्याची. चार महिन्यांहून जास्त राहणार असाल, तर पोहोचल्यापासून ५ दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते. त्यातून ‘बीएसएन’ हा क्रमांक मिळतो. पगार, आरोग्य विमा, सगळं त्यावरच चालतं. म्हणून घरमालक ‘इथे नोंदणी करू नका’ म्हणाला, तर घर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

अनामत रकमेलाही मर्यादा आहे. जुलै २०२३ पासूनच्या करारांत दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त अनामत मागता येत नाही.

एवढं तपासून घेतलं, की त्या शांत गल्लीत झोपही शांत लागेल.