सामे कांठे

सुरतेत पाहुण्याला आपण सहज सांगतो, "घर नदीच्या पलीकडे." चौकबाजारात उभे राहून हे सांगितले तर रांदेर-अडाजण, रांदेरला उभे राहून सांगितले तर चौकबाजार. गुजराती शेजारी ‘सामे कांठे’ म्हणतात, त्यांचीही तीच तऱ्हा. हे इतकी वर्षे ठाऊक असूनही संगणकाने मला नव्याने शिकवले, आणि फी जबर घेतली.

शाळेच्या जुन्या संगणकावर एका माजी विद्यार्थ्याने लिनक्स बसवून दिले. शेल स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची यादी असलेली साधी फाईल. शेल त्या ओळीने पाळतो. उत्साहाने मीही एक लिहिली : ‘तात्पुरते’ या फोल्डरात जा, तेथल्या सगळ्या फायली पुसून टाक. शेजारी बसून चालवली, छान चालली. मग ती ‘क्रॉन’कडे, म्हणजे ठरल्या वेळी कामे करणाऱ्या रखवालदाराकडे सोपवली.

आता गंमत पाहा. असा अर्धा पत्ता स्क्रिप्ट जेथे ठेवली आहे तेथून मोजला जात नाही. ती चालवणारा जेथे उभा असेल तेथून मोजतात. क्रॉन उभा असतो वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात. तेथे ‘तात्पुरते’ नव्हतेच. ‘सीडी’ ही जाण्याची आज्ञा फसली, आणि शेल निमूटपणे पुढच्या ओळीवर गेला : ‘आरएम’, सगळे पूस. उभ्या जागीच त्याने पुसले. जनरल रजिस्टरातल्या जुन्या नोंदी मी पाच महिने संध्याकाळी बसून टंकल्या होत्या, ती फाईल तेथेच होती. दुसरी प्रत? मुलांना रोज सांगतो. स्वतः ठेवली नव्हती.

"सर, पहिल्या ओळीत स्क्रिप्टला तिच्या स्वतःच्या घरी पाठवा," विद्यार्थी फोनवर म्हणाला. ‘डॉलर-शून्य’ म्हणजे स्क्रिप्टला ज्या पत्त्याने हाक मारली तो पत्ता. ‘डिरनेम’ त्यातला फोल्डर काढून देते. ‘सीडी’ तेथे जाते. भोवती दुहेरी अवतरणचिन्हे हवीत, नाहीतर नावात मोकळी जागा आली की शेल त्याचे दोन तुकडे करतो. आणि प्रत्येक ‘सीडी’च्या शेवटी दोन उभ्या रेघा व ‘एक्झिट’ : जाता आले नाही तर थांब. पुसण्याच्या कामात ही शेपटीच सर्वांत मोलाची, असे माझे मत. तिरप्या रेघेपासून सुरू होणारा पूर्ण पत्ताच का लिहू नये? लिहावा; पण फोल्डर हलला की तो खोटा ठरतो. बिऱ्हाडे बदलत इथवर आलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

कागदी रजिस्टर सुदैवाने शाबूत आहे. पुन्हा पहिल्या पानापासून टंकत १९८७ पर्यंत आलो. तेथे एका मुलाच्या जन्मस्थळाच्या रकान्यात नुसते ‘पिंपळगाव’. पिंपळगावे किती! लिहिणाऱ्या कारकुनाला कोणते ते ठाऊक असणार. शेवटी लिंबायतला त्याच्या घरी जाऊन म्हाताऱ्या आईंना विचारले. त्या माझ्याकडे नवलाने पाहत राहिल्या.

"कोणतं म्हंजे? आम्हनं पिंपळगाव, गुरुजी!"